पेन्सिलीची तीन पानं

जयवंतीच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा कळलं ते नववीच्या वर्गात, फळ्यासमोर. जून महिना होता. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या त्या मुलींच्या शाळेत ती चोवीस वर्षं गणित शिकवत होती, आणि पट्टी न लावता सरळ रेघ काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी तिनं रेघ काढली, दोन पावलं मागे येऊन पाहिली, तर रेघेला मधोमध पोक आलेलं. तिनं ती पुसली आणि पुन्हा काढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डस्टर उचलला तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मिस, लाइन सरळच आहे!"

वर्ग हसला. जयवंतीही हसली आणि पुढच्या प्रमेयाकडे वळली.

मग पेपरातल्या शब्दांची मधली अक्षरं गळायला लागली. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून आणला, काही फरक पडला नाही. सप्टेंबरात नवरा राघोत्तम तिला अण्णा नगरमधल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. रेल्वेच्या ऑफिसात बदल्यांच्या फाइली सांभाळणारा हा माणूस मुळात कमी बोलणारा. तिथं डोळ्यांत थेंब घातले, फोटो काढले, दोन तास बसवून ठेवलं आणि मग एका तरुण डॉक्टरणीनं समोर बोलावलं.

"डोळ्याच्या मागे पडदा असतो," ती म्हणाली. "त्याच्या अगदी मधल्या इवल्याशा जागेनं आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो. तुमच्या दोन्ही डोळ्यांत ती जागा झिजत चाललीय."

"चष्मा?"

"चष्म्यानं होणार नाही."

"ऑपरेशन?"

"याला ऑपरेशन नाही. दर चार महिन्यांनी तपासायचं. मधे अचानक काही वाढलं तर इंजेक्शन द्यावं लागेल, म्हणून रोज घरी हे बघायचं." तिनं चौकटी-चौकटींचं एक कार्ड पुढे केलं. "एकेक डोळा झाकून बघायचं. रेघा आजच्यापेक्षा जास्त वाकड्या दिसल्या, की लगेच यायचं."

जयवंतीनं कार्ड हातात घेतलं आणि शेवटी जे विचारायचं होतं ते विचारलं, "मी आंधळी होणार का?"

"काळोख होणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "कडेचं दिसत राहील. चालाल, फिराल, स्वयंपाक कराल. मधलं हळूहळू कमी होत जाईल. किती हळू, ते मला आज सांगता येणार नाही."

बाहेर आले तेव्हा थेंबांमुळे तिला सगळी दुपार पांढरीफटक दिसत होती. राघोत्तमनं तिचा दंड धरला आणि एवढंच विचारलं, "कॉफी पिऊया?" कॉफी पिताना ती म्हणाली, "शाळेत सांगायचं नाही."

"काय म्हणून?" तंजावरकडच्या त्यांच्या मराठीत 'का' असं विचारायचं तर हेच शब्द.

"सांगटलं तर दहावी काढून घेतील."

राघोत्तमनं मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, पण वीस वर्षं ती दहावीला शिकवत होती आणि ती दहावी तिच्यासाठी काय होती ते त्याला ठाऊक होतं.

लपवायला ती शिकली, आणि चांगलीच शिकली. माणसं ती चालीवरून ओळखायची, आवाजावरून, साडीच्या रंगावरून. वर्गातल्या मुलींच्या जागा तिनं पाठ केल्या आणि कुणालाही जागा बदलू दिली नाही. मिस कडक झाल्या, असं मुलींना वाटलं. बोर्डाचे पेपर तपासायची ड्युटी आली तेव्हा तिनं पाठदुखीचं कारण सांगितलं. वेस्ट मांबलमच्या घरून निघून, स्टेशनचा पूल ओलांडून ती टी. नगरच्या बसस्टँडवर यायची. तिथं बसचे नंबर तिला वाचता यायचे नाहीत आणि विचारायची तर लाज वाटायची. म्हणून ती रोज त्याच वेळी येणाऱ्या एका फुलवालीच्या टोपलीमागोमाग बसमध्ये चढायची. एकदा फुलवाली मैलापूरच्या बसमध्ये चढली. जयवंतीही चढली. त्या दिवशी शाळेत पोचायला पाऊण तास उशीर झाला, आणि बस बंद पडली असं तिनं सांगितलं.

या लपवण्यात तिची एक मैत्रीणही गेली. कौमुदी सायन्स शिकवायची. पंधरा वर्षं दोघींचे डबे एका टेबलावर उघडत. एका सोमवारी कौमुदीनं आपला डबा उचलला आणि खिडकीकडच्या टेबलावर जाऊन बसली. का, ते जयवंतीला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. विचारलं की उत्तर यायचं आणि उत्तराबरोबर आणखी प्रश्न.

अशी दीड वर्षं गेली.

नववीत ऊर्मी नावाची मुलगी होती, साताऱ्याकडची. तिची आई अलकनंदा केंद्र सरकारच्या एका ऑफिसात बदली होऊन दोन वर्षांपूर्वी चेन्नईला आली होती. वडील पुण्याला. मायलेकी शाळेपासून चार गल्ल्या पलीकडे एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. पहिल्या भेटीत जयवंती मराठीत बोलली तेव्हा अलकनंदा इतकी हरखली, की त्या मराठीतलं निम्मंच आपल्याला कळलंय हे तिच्या घरी गेल्यावर लक्षात आलं. ऊर्मी अबोल होती, पण गणितात तिला नव्वदच्या खाली मार्क माहीत नव्हते. जानेवारीत शहरातल्या शाळांची गणिताची स्पर्धा असायची. प्रत्येक शाळेतून नववीच्या दोन मुली जायच्या. त्यातली एक ऊर्मी असणार, हे सगळ्या शाळेनं गृहीत धरलं होतं.

डिसेंबरात सहामाही परीक्षा झाली. त्रेचाळीस पेपर जयवंतीनं घरी आणले, खिडकीशी टेबल ओढलं, दिवा लावला आणि भिंग घेऊन बसली. एकेक ओळ शोधून वाचायची, वाचलेलं लक्षात ठेवून पुढच्या ओळीवर जायचं. एका पेपराला तास तास लागायचा. ऊर्मीचा पेपर आला तेव्हा सुरुवातीची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर निघाली. मग तीन पानं कोरी होती. भूमितीचे मोठे प्रश्न तिथं यायला हवे होते.

जयवंती थांबली. ही मुलगी भूमिती सोडणार नाही, हे तिला आत कुठंतरी माहीत होतं. राघोत्तम शेजारच्याच खोलीत होता. हाक मारून "इथं काही आहे का बघा हो" म्हणायला दहा सेकंदं लागली असती. पण त्याला हाक मारायची म्हणजे मला तपासणं जमत नाही हे कबूल करायचं. वेळ पुरला नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि बेरीज केली. एकसष्ट.

स्पर्धेला दुसऱ्या दोन मुलींची नावं गेली.

पोंगलच्या आधीच्या शनिवारी पालकांना पेपर दाखवायचे होते. आया-बाप येत होते, पेपर चाळत होते. अलकनंदा आली तेव्हा गर्दी जरा ओसरली होती. तिनं ऊर्मीचा पेपर टेबलावर उघडून ठेवला.

"बाई, ही शेवटची तीन पानं तपासायची राहिली का?"

"नाही हो. शेवटी तिनं सोडून दिलंय. काही लिहिलं नाही."

अलकनंदानं तीनही पानं पुन्हा उलटून पाहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, पानं भरलेली आहेत."

जयवंतीनं पेपर जवळ ओढला. पान पांढरं होतं. तिनं नजर समासाकडे सरकवली, तेव्हा पानाच्या दुसऱ्या बाजूला फिक्या करड्या अक्षरांच्या ओळीच्या ओळी उमटल्या. त्यांच्याकडे थेट बघायला गेली, की नाहीशा व्हायच्या.

"तिचं पेन संपलं," अलकनंदा सांगत होती. "पर्यवेक्षक बाईंना मागायला लाजली आणि पेन्सिलनं लिहीत सुटली. वर्गात पेपर बघितला तेव्हापासून म्हणते, सगळंच चुकलं असणार, म्हणून मिसनी साधी फुलीसुद्धा मारली नाही. पंधरा दिवस हेच डोक्यात घेऊन बसलीय. मला गणित येत नाही, पण भरलेलं पान आणि कोरं पान यातला फरक कळतो."

शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं आलं. हेडमिस्ट्रेस जवळच उभ्या होत्या, त्या आल्या. पेपर त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "पेन्सिल आहे. उत्तरं पेनानंच लिहायची असा नियम पहिल्या पानावर छापलेला असतो. मिसनी नियमाप्रमाणे केलं असेल. हो ना, जयवंती?"

सुटकेचं दार उघडं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"मला हा पेपर घरी न्यायला हवा," जयवंती म्हणाली. "सोमवारी सांगते."

अलकनंदानं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते जयवंतीला दिसलं नाही. पण ती न बोलता गेली, तेवढ्यावरून कळलं.

रविवारी सकाळी जेवणं लवकर उरकून जयवंतीनं राघोत्तमला टेबलाशी बसवलं आणि पेपर त्याच्या पुढ्यात ठेवला. "वाचा. जसं लिहिलंय तसं. मधे काही विचारू नका."

"मला यातलं काही कळत नाही, हे तुला माहीत आहे."

"तुम्हाला कळायला नको. वाचा."

राघोत्तमनं चष्मा पुसला आणि ऑफिसातलं परिपत्रक वाचावं तसं एका सुरात वाचायला लागला. पी, क्यू, आर, एस हे चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू. ए ते सी जोडलं. बी ते डी जोडलं.

"थांबा. दोन्ही जोडलेत?"

"दोन्ही. इथं आकृतीपण आहे, दोन रेघा एकमेकींना कापतात."

जयवंतीनं डोळे मिटले. वर्गात तिनं हे प्रमेय एकच कर्ण काढून शिकवलं होतं. पुस्तकातही तसंच होतं. या मुलीनं दोन्ही कर्ण काढले होते. राघोत्तम वाचत गेला, आणि तिच्या मनात चौकोन उभा राहिला, त्याचे मध्यबिंदू जोडले गेले, एका कर्णाला समांतर दोन बाजू, दुसऱ्या कर्णाला समांतर दोन. राघोत्तम शेवटच्या ओळीवर पोचायच्या आधीच ती पोचली होती.

"चोखट," ती म्हणाली.

"काय?"

"बरोबर आहे सगळं. माझ्यापेक्षा नीट केलंय हो तिनं. आणखी वाचा."

दीड तासात तीनही प्रश्न झाले. एका ठिकाणी ऊर्मी कारण द्यायचं विसरली होती, ते जयवंतीला ऐकताक्षणी टोचलं. राघोत्तमला ओळ पुन्हा वाचायला लावून तिनं खात्री केली आणि तिथला एक मार्क कापला. तेहतीसपैकी बत्तीस झाले. तपासताना तिचं डोकं दुखलं नाही, असा दीड वर्षातला हा पहिलाच पेपर. त्या गोष्टीचं तिला हसूही आलं आणि रडूही. राघोत्तम उठून पाणी घेऊन आला आणि ती शांत होईपर्यंत शेजारी बसून राहिला.

"संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन येते," ती म्हणाली.

"मी येऊ?"

"नको. बसपर्यंत या."

बसस्टँडवर राघोत्तमनं तिला बसमध्ये बसवलं. उतरल्यावर ती एकटी चालत गेली. गल्ल्या तिच्या पायाखालच्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर दार ऊर्मीनंच उघडलं आणि "मिस?" म्हणून तिथंच उभी राहिली. आतून अलकनंदा आली. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, पण स्वतः बसली नाही.

"ऊर्मीचे मार्क त्र्याण्णव होतात," जयवंती म्हणाली. "ते सांगायला फोन पुरला असता. मी दुसरं सांगायला आलेय. नियम वगैरे काही नव्हता. मला ती अक्षरं दिसलीच नाहीत."

मग तिनं सगळं सांगितलं, पडदा, झीज, डॉक्टरीण, दीड वर्ष. सांगताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला.

अलकनंदा आता बसली. "पानं कोरी दिसली तेव्हा तुम्हाला शंका नाही आली? ही तर तुमची लाडकी विद्यार्थिनी."

"आली."

"मग?"

"घरात माणूस होतं बघायला. मी विचारलं नाही. माझं बिंग फुटू नये म्हणून."

"आणि माझी पोरगी पंधरा दिवस रात्रीचं नीट जेवत नव्हती."

"हो," जयवंती म्हणाली. "तेच चुकलं माझं. डोळ्यांचं माझ्या हातात नाही, हे हातात होतं."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. अलकनंदानं उठून खिडकी लावून घेतली.

"खरं सांगू का बाई," अलकनंदा म्हणाली, "मला अजून राग आहे. तुम्ही आलात हे चांगलं केलंत. पण राग आहे."

"असू दे."

ऊर्मी इतका वेळ दाराला टेकून उभी होती. तिनं एकदम विचारलं, "मिस, दोन कर्ण काढलेले चालतात?"

"चालतात काय, चोखट आहेत!"

"चोखट म्हणजे?"

उत्तर तिच्या आईनं दिलं. "म्हणजे निर्मळ, उत्तम. जुना शब्द आहे. आमच्याकडे आता फक्त अभंगातच ऐकू येतो." आणि जरा थांबून जयवंतीला म्हणाली, "तुम्ही घरी असंच बोलता?"

"असंच. आमचे लोक तंजावरला आले ते हीच भाषा घेऊन आले."

ऊर्मी पुढे आली. "तुम्हाला आत्ता मी कशी दिसते?"

"तुझ्या नाकाकडे बघितलं तर तुला चेहराच नाही. केस आणि फ्रॉक, मधे धुकं." जयवंतीनं नजर थोडी बाजूला नेली. "तुझ्या कानाच्या पलीकडे बघितलं, की चेहरा येतो. स्पष्ट नाही, पण येतो. दीड वर्ष मी असं बघायचं टाळलं. लोकांना वाटेल, ही बाई दुसरीकडेच बघतेय."

"बघा ना मग," ऊर्मी म्हणाली. "मला काही वाटत नाही."

निघताना अलकनंदा जिन्यापर्यंत आली. जिना अंधारा होता. तिनं काही न विचारता जयवंतीचा हात आपल्या कोपराला लावून घेतला आणि तीन मजले तिच्याबरोबर उतरली.

सोमवारी हेडमिस्ट्रेसच्या खोलीत जयवंतीनं तेच पुन्हा सांगितलं. हेडमिस्ट्रेसनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या नाहीत, आणि त्यामुळे जास्त जड गेलं. डॉक्टरांचं पत्र आणायला सांगितलं. नववीचे सगळे त्रेचाळीस पेपर कौमुदीनं आणि आणखी एका शिक्षिकेनं पुन्हा तपासायचे, असं ठरलं. त्यांत आणखी दोन चुका निघाल्या, लहान होत्या, दोन-तीन मार्कांच्या. त्या मुलींच्या घरीही जयवंतीनं स्वतः फोन केला. स्पर्धेसाठी हेडमिस्ट्रेसनी संयोजकांना विचारून पाहिलं, पण नावं बदलायची मुदत संपली होती. त्या वर्षी ऊर्मी गेली नाही. ते नुकसान कुणाला भरून देता आलं नाही.

आणि जूनपासून दहावी जयवंतीकडून काढून घेतली. तिनं कॉफी पिताना राघोत्तमला सांगितलं होतं, अगदी तसंच झालं. आठवी आणि नववी तिच्याकडे राहिली, लेखी पेपर दुसऱ्यांनी तपासायचे या अटीवर. ते ऐकून ती घरी आली तेव्हा एक दिवस कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उठून शाळेत गेली.

कौमुदी ते त्रेचाळीस पेपर तपासून द्यायला आली होती ती डबा घेऊनच. समोर बसली आणि म्हणाली, "गेल्या वर्षी रंगनाथन स्ट्रीटच्या बाजारात माझी नवी सून होती माझ्याबरोबर. मी तिला म्हटलं, ही बघ माझी जिवाची मैत्रीण. मी हात केला. तू माझ्या तोंडाकडे बघत बघत निघून गेलीस."

"बघत होते," जयवंती म्हणाली. "दिसत नव्हतं."

"तर मग सांगायचं नाही का गं?" कौमुदीचा आवाज चिरकला. "वर्षभर मी तुझ्यावर रुसून बसले, तुझ्या वाटणीचं लोणचंसुद्धा दुसरीला दिलं." मग तिनं आपल्या डब्यातलं लिंबाचं लोणचं जयवंतीच्या भातावर वाढलं.

हॉस्पिटलातच कमी दिसणाऱ्यांसाठी वेगळा विभाग होता. दीड वर्षापूर्वी डॉक्टरणीनं तिथं जायला सांगितलं होतं, ती आत्ता गेली. तिथल्या बाईनं तिला नजर बाजूला ठेवून बघायचं रीतसर शिकवलं, फोनला मजकूर मोठ्यानं वाचायला लावायचं शिकवलं, पानावरची अक्षरं बोटभर मोठी करून दाखवणारं यंत्र कसं वापरायचं ते दाखवलं. चेहरे काही परत आले नाहीत. पण रोज संध्याकाळी गळून जायची, ते थांबलं.

जूनमध्ये नववीच्या नव्या वर्गापुढे ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "मला तुमचे चेहरे नीट दिसत नाहीत. मी तुमच्या कानाकडे बघून बोलेन. भिंतीकडे बघतेय असं समजू नका. बोलायच्या आधी प्रत्येकीनं आपलं नाव सांगायचं." मुली खुसखुसल्या. पुढच्या आठवड्यात निम्म्या वर्गानं कानातली बदलली असल्याचं कौमुदीनं तिला सांगितलं.

तिनं शिकवायची पद्धतही बदलली. एक मुलगी उभी राहून सिद्धता बोलायची, दुसरी फळ्यावर आकृती काढायची, बाकीच्यांनी ऐकायचं. कुठं कारण निसटलं, कुठं पायरी गाळली, की जयवंती टेबलावर बोट आपटायची. सुरुवातीला मुली गोंधळल्या. दोन महिन्यांनी जयवंतीच्या आधी त्याच बाक आपटायला लागल्या. दहावीत गेलेली ऊर्मी मधल्या सुट्टीत कधी येऊन मागे बसायची. एकदा तिनं एका मुलीची चूक जयवंतीच्या आधी पकडली आणि मग आपण या वर्गातल्या नाही हे आठवून ओशाळली.

अलकनंदाचा राग कधी गेला ते जयवंतीला कळलं नाही. विचारायचीही गरज पडली नाही. सप्टेंबरच्या शेवटी, चेन्नईच्या पावसाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी अलकनंदा वेस्ट मांबलमला आली, साताऱ्याहून आलेले कंदी पेढे घेऊन. राघोत्तमनं एक खाल्ला, मग दुसरा, आणि एवढ्या कमी बोलणाऱ्या माणसानं तिला अर्धा तास बसवून तंजावरच्या आपल्या पणजोबांच्या गोष्टी सांगितल्या. अलकनंदा म्हणाली, "तुमचं निम्मं कळत नाही मला, पण ऐकायला बरं वाटतं."

ऑक्टोबरात जयवंती तपासणीसाठी एकटीच अण्णा नगरला गेली. डॉक्टरणीनं जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. उजव्या डोळ्यात थोडी वाढ होती, डाव्यात नव्हती. "चार महिन्यांनी या," ती म्हणाली. जयवंती काळा चष्मा लावून अण्णा नगर टॉवरच्या मेट्रो स्टेशनवर आली आणि गाडी कुठल्या बाजूला येईल असं शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारलं.

ती बाई ओरडलीच, "मिस! ओळखलं का मला?"

"नाही ओळखलं," जयवंती म्हणाली. "डोळ्यांचा आजार आहे मला, चेहरा दिसत नाही. नाव सांग."

"श्रीनिधी. खूप वर्षं झाली. मागच्या बाकावर बसायचे, गणितात दोनदा नापास."

"दोनदा नापास झालेली श्रीनिधी एकच होती," जयवंती म्हणाली. "तू पाढे गाण्यासारखे म्हणायचीस."

श्रीनिधी खदखदून हसली. गाडी आली. तिनं जयवंतीला जागा करून दिली आणि शेजारी बसून आपली सगळी हकीकत सांगायला लागली, नोकरी, लग्न, सासूबाईंचे गुडघे, दुसरीतली मुलगी जननी, जी वजाबाकी म्हटलं की रडायला लागते.

"हातचा घ्यायला घाबरते का?" जयवंतीनं विचारलं.

"हो मिस, तेच. आणि शिकवणार कोण, मी?"

"रविवारी सकाळी घेऊन ये तिला. वेस्ट मांबलमलाच राहते मी अजून. अशोक नगरला उतरायचं. फोन लिहून घे."

श्रीनिधीनं फोन काढला. जयवंतीनं एकेक आकडा सावकाश सांगितला.